चायना ग्रासवर गोळीबार

आमच्या घरात कुठलीही वस्तू आपटून पाहिल्याशिवाय आत येत नाही. गुरुदत्त, म्हणजे माझे यजमान, तीस-बत्तीस वर्षं डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कंपनीत गाड्या भिंतीवर आदळायच्या खात्यात होते. गाडी आदळायची, आतल्या बाहुल्याचं काय झालं ते मोजायचं आणि पुढची गाडी आणायची. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. मिक्सर घ्यायचा तर दुकानातच त्यात अख्खी हळकुंडं घालणार, गादी घ्यायची तर तिच्यावर उडी मारणार. आमच्या सलोनीने परीक्षितला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा यांनी त्याला शिडीवर चढवून गॅरेजमधला बल्ब बदलायला लावला आणि आत येऊन माझ्या कानात सांगितलं, "ठीक आहे मुलगा, होल्डर तोडला नाही."

अशा माणसाने पिस्तूल आणलं तर काय होईल, हे मला आधीच कळायला हवं होतं. पण तेव्हा माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

२००६च्या फेब्रुवारीत, भर दुपारी, ॲन आर्बरच्या आमच्या घरात चोर शिरला. गुरुदत्त बर्फ उडवायच्या दोन यंत्रांची, स्नोब्लोअरची, तुलना करायला दुकानात गेले होते. मी वर पडले होते. खाली खुडबुड झाली, मला वाटलं हेच आले. निम्मा जिना उतरले तर खाली एक उंच, तरणा, थंडीने नाक लाल झालेला माणूस उभा. अंगात गुरुदत्तांचा गॅरेजमधला कोट, हातात आमचा मायक्रोवेव्ह. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "मॅम, कुड यू गेट द डोअर?"

आणि मी खाली जाऊन दार धरलं. त्याचे दोन्ही हात भरलेले होते ना. तो थँक यू म्हणाला, मी यू आर वेलकम म्हणाले. तो गेल्यावर दार लावलं आणि तिथेच मटकन खाली बसले.

ही गोष्ट आमच्या गावातल्या सगळ्या मराठी घरांत दोन दिवसांत पोचली. रवींद्र भावोजी म्हणाले, "वहिनी, चहा तरी द्यायचा त्याला." भावोजी म्हणजे गुरुदत्तांबरोबर एकाच विमानाने अमेरिकेत आलेले मित्र, रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून मला घरात एकटीला बसवेना. जिन्याकडे पाठ करून पोळ्या लाटता येईनात. नळ चालू असला की मागचं ऐकू येत नाही, म्हणून मी मधूनमधून नळ बंद करून भांडी विसळायची. आणि सगळ्यात राग यायचा तो स्वतःचा. ओरडले असते, पळाले असते, तर निदान घाबरले असं म्हणता आलं असतं. मी तर पाहुण्याची पाठवणी केली होती.

सलोनी आणि परीक्षित लग्न करून दूर मॉरिसव्हिलला राहत होते; ती तिथून रोज फोन करायची. "आई, एनफ. घर विका आणि इकडे या. खालची बेडरूम रिकामीच आहे, परीक्षितला पण चालणार आहे."

"बाबा यायचे नाहीत."

"मग तू ये. आय ॲम सीरियस."

मीही सीरियस झाले. जेवणाच्या टेबलावर मी गुरुदत्तांना सांगितलं, "ऑगस्ट संपेपर्यंत मला या घरात एकटीला बसता आलं नाही, तर मी सलोनीकडे जाणार. तुम्हाला यायचं तर या." असं वाक्य मी त्यांना जन्मात ऐकवलं नव्हतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, अगं, मग दुपारी मी घरीच थांबत जाईन. एवढंच तर हवं होतं मला. ते म्हणाले, "प्रॉब्लेम लक्षात आला." पुढच्याच आठवड्यात ते पिस्तुलाच्या परवान्यासाठी पोलिसांकडे जाऊन आले.

पिस्तुलाची निवड तशी लवकर झाली. दुकानदाराने ते आपटून बघू दिलं नाही. खरी पंचाईत गोळ्यांची झाली. हे म्हणाले, गोळ्या द्या. त्याने विचारलं, कुठल्या? यांनी विचारलं, किती प्रकार आहेत? हा प्रश्न दुकानदाराने यांना विचारू द्यायला नको होता.

मग आमच्याकडे सकाळी पोह्यांबरोबर गोळ्या सुरू झाल्या. एक असते गोल टोकाची, तांब्याने मढवलेली. ती चोरातून आरपार जाते, मागच्या भिंतीतून जाते आणि शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात पोचते. दुसरी पोकळ टोकाची. तिच्या टोकाला खळगा असतो, अंगात शिरली की ती फुलासारखी उमलते आणि तिथेच थांबते. तिसरी नुसत्या शिशाची, बोथट. त्यातही हलकी आणि वेगवान की जड आणि संथ, यावर इंटरनेटवर लोक एकमेकांची आईबहीण काढत होते. एका गटाचं म्हणणं, पोकळ गोळीच्या खळग्यात चोराच्या कोटाचा कापूस बसतो, मग ती उमलतच नाही.

"आणि इथे थंडीत चोर तीन-तीन कपडे घालून येणार," गुरुदत्त काळजीने म्हणाले.

"आपला चोर तर तुमचाच कोट घालून होता."

"करेक्ट," ते म्हणाले, "आणि तो चांगला जाड आहे. मी टेस्ट केलेला आहे."

गोळ्यांच्या खोक्यांवर कंपन्यांनी आकडे छापले होते, पण आपलं दही आंबट असं कोण म्हणणार? गुरुदत्तांनी स्वतः कसोटी घ्यायची ठरवली. माणसावर घेता येत नाही, तिथे माझा नाइलाज आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ही कसोटी सगळे लोक जिलेटिनच्या ठोकळ्यावर घेतात, कारण जिलेटिन माणसाच्या मांसासारखं वागतं. आणि इथे आमची गाडी अडली. जिलेटिन म्हणजे डुकराचं कातडं आणि गाईची हाडं. ज्या माणसाने सलोनी तिसरीत असताना शाळेच्या कॅम्पला फोन करून तिच्या हातातली जिलेटिनवाली मार्शमेलो मिठाई परत ठेवायला लावली होती, त्याच्या घरात जिलेटिन येणं शक्य नव्हतं.

"चोराला गोळी घातलेली चालेल आणि जिलेटिन चालणार नाही?" मी विचारलं.

"तो वेगळा विषय आहे," ते म्हणाले. "आपण चायना ग्रास वापरू. ते शेवाळाचं असतं."

आता चायना ग्रास म्हटलं की मी. मंडळाच्या कोजागिरीला शंभर माणसांचं पुडिंग मीच करते. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. इंडियन स्टोअरमधला सगळा माल आम्ही उचलला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काकू, मोठं फंक्शन आहे का?" मी हो म्हटलं, दुसरं काय सांगणार? मोठाल्या पातेल्यांत चायना ग्रास उकळायचं, ब्रेडच्या साच्यांत ओतायचं आणि गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये लावायचं.

ठोकळा माणसाइतका मऊ झालाय की नाही हे ठरवायला रवींद्र भावोजींना बोलावलं. ते सोफ्यावर शर्ट वर करून पडले. गुरुदत्त एकदा त्यांच्या पोटात बोट खुपसायचे, एकदा ठोकळ्यात. "हा जास्त घट्ट आहे," ते म्हणायचे. भावोजी म्हणायचे, "अरे, मी श्वास सोडलाय, आता बघ." मग मी पाणी वाढवून पुन्हा उकळायची. शेवटी एका ठोकळ्यावर दोघांचं एकमत झालं की हा अगदी रवींद्र आहे.

हे सगळं हसण्यासारखं आहे, मला माहीत आहे. पण त्या महिन्यांत मी हसत नव्हते. कारण मला सुरक्षित करायच्या या उद्योगात गुरुदत्त रोज दुपारी घराबाहेर असायचे. आज दुकान, उद्या नेमबाजीची रेंज, परवा कुणा तज्ज्ञाला भेटायला. चोर आला तेव्हा ते एक दुपार नव्हते, आता एकही दुपार नव्हते. ते गेले की मीही मागोमाग बाहेर पडायची. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर माझी गाडी उभी असे, तिच्यात बसायची, चारी दारं लॉक करायची आणि मटार सोलत राहायची. त्यांची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली की लगबगीने आत. पोस्टमनला वाटत असणार, बाईला ड्रायव्हिंग शिकायचं आहे पण धीर होत नाही. गुरुदत्तांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. आधीच दार धरणारी बाई म्हणून नाव झालं होतं.

जुलैअखेरीस एका शनिवारी कसोटीचा मुहूर्त लागला. गावाबाहेर शेतांच्या पलीकडे एक रेंज होती. घरी एकटी राहायची नव्हती म्हणून मीही गेले, भावोजींनाही घेतलं. बर्फ घातलेल्या तीन पेट्या, म्हणजे कूलर, भरून ठोकळे होते. शिवाय जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला एक हिवाळी कोट, त्याच्या आत घालायला स्वेटर, स्वेटरच्या आत थर्मल. माझ्या हातचा विणलेला स्वेटर यांनी मागितला होता, तो मी दिला नाही.

रेंजचा मालक हॅरल्ड नावाचा म्हातारा होता. त्याने कूलरमध्ये डोकावून पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं.

"व्हेजिटेरियन जिलेटिन," गुरुदत्त म्हणाले.

हॅरल्ड खुर्ची आणून बसला.

पहिली गोळी गोल टोकाची. धाडकन आवाज झाला आणि ठोकळ्याच्या ठिकऱ्या उडाल्या. टेबलावर नुसता लगदा. गुरुदत्तांनी चष्मा वर केला, लगदा पाहिला, वहीत लिहिलं. दुसरी पोकळ टोकाची. ठिकऱ्या. तिसरी शिशाची. ठिकऱ्या. मग हलकी, मग जड. कोट घालून, स्वेटर घालून, थर्मल घालून. कोटातून लगदा गळायला लागला, एवढाच फरक. चायना ग्रासमध्ये मांसाचा चिवटपणा कुठून येणार? बोट लावून कितीही रवींद्र वाटलं तरी गोळी लागली की ते पुडिंगच.

भावोजी म्हणाले, "गुरू, निष्कर्ष असा, की चोर शाकाहारी असेल तर कुठलीही गोळी चालेल."

गुरुदत्तांनी हेही लिहून घेतलं.

शेवटचा एक ठोकळा उरला होता. त्याच्यावर पोकळ टोकाची गोळी झाडली आणि आश्चर्य म्हणजे तो फुटला नाही. थरथरला, एक भेग गेली आणि उभा राहिला. गुरुदत्त धावतच गेले. सुरीने कापून त्यांनी आतून गोळी काढली. ती खरंच उमलली होती, सहा पाकळ्यांची. ती तळहातावर घेऊन ते माझ्याकडे आले. इतकं आनंदलेलं मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"कांचन, यात काय वेगळं घातलंस?"

मला आठवेना. मग आठवलं. त्या पातेल्याच्या वेळी सलोनीचा फोन चालू होता आणि हात आपले आपण चालले होते. "साखर," मी म्हटलं. "आणि वेलची."

तोवर तिथे गांधीलमाश्या जमल्या होत्या. हॅरल्डने एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चांगलं झालंय म्हणाला.

"साखर," गुरुदत्त पुटपुटले. "म्हणजे साखरेने इलॅस्टिसिटी येते. आता सगळे ठोकळे साखर घालून परत करायला लागतील. पाव वाटीपासून सुरू करू, वाढवत नेऊ. पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा, सप्टेंबरमध्ये कोट काढून..."

"सप्टेंबरमध्ये मी इथे नसेन," मी म्हटलं.

भावोजी शहाणे. हॅरल्डला घेऊन ते दुसऱ्या टोकाला निघून गेले.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"घर सेफ नाही."

"मी म्हटलं होतं, मला एकटीला बसवत नाही. यात गोळी कुठे आहे सांगा. तुम्ही रोज मला त्याच घरात सोडून त्या घरासाठी गोळी शोधायला जाता. मी काय करते माहीत आहे? मी गाडीत जाऊन बसते. दारं लॉक करून. फेब्रुवारीपासून."

त्यांच्या कपाळावर तो प्लॅस्टिकचा चष्मा होता, गळ्यात कानावर लावायचं ते जाडजूड यंत्र. त्यांनी हातातली गोळी खिशात टाकली आणि बाकावर बसले.

"मी पण," ते म्हणाले.

"तुम्ही पण काय?"

"गाडीत बसतो. दुकानात माणूस किती वेळ थांबणार? अर्धा तास. मग पार्किंग लॉटमध्ये बसतो. संध्याकाळ झाली की येतो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "घरात असलो की वाटतं जिन्यावर तो उभा आहे. माझा कोट घालून. तू निदान खाली गेलीस, दार तरी धरलंस. मी कपाटात लपलो असतो, कांचन. मला माहीत आहे."

"आणि मला एकटीला ठेवून जात होतात?"

"हो," ते म्हणाले. "त्याची लाज वाटायची. म्हणून मग गोळ्या."

मला इतका संताप आला की समोरचा लगदा उचलून त्यांच्या अंगावर टाकावासा वाटला. सहा महिने मी स्वतःला भित्री समजत होते. सहा महिने मी ड्राइव्हवेवर, हे पार्किंग लॉटमध्ये, आणि घरात कोणीच नाही. चोराला बोलावणं पाठवायचंच काय ते बाकी होतं. पण रागावून तरी कुणावर रागवायचं? ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या भिंतीवर घातल्या, तो स्वतःच्या घराला घाबरून पार्किंग लॉटमध्ये बसत होता. माझा राग गेला नाही. पण मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

संध्याकाळी सलोनीचा फोन आला. गुरुदत्तांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"सलोनी, आई घाबरते म्हणून तू तिला बोलावतेस ना? मी जास्त घाबरतो. ती खालची बेडरूम मला मिळेल का?"

मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. "आई," सलोनी म्हणत होती, "व्हॉट डिड यू डू टू हिम?"

"काही नाही केलं. तू जेवलीस का?"

"तुम्ही येताय का? दोघं? मी फ्लाइट बघू?"

मी गुरुदत्तांकडे पाहिलं. ते टेबलाशी बसून मिठाची बाटली सरळ करत होते. ऑगस्ट तीन दिवसांवर आला होता. महिनाभरात जायचं हे मीच ठरवलं होतं आणि बॅगेत घालायच्या साड्याही मनात काढून ठेवल्या होत्या. "आत्ता नको," मी म्हटलं. "दिवाळीला बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंही घरी होतो, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. वरच्या खोलीत मी पडले होते, ते खुर्चीत पेपर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं. इतक्यात खाली काहीतरी धप्पकन वाजलं. पुन्हा वाजलं.

"गॅरेजचं दार असेल," गुरुदत्त जागचे न हलता म्हणाले. "कूलर आत घेताना मीच नीट लावलं नसेल. वारा आहे."

"असेल," मी म्हटलं. मीही हलले नाही.

"पिस्तूल काढू?"

"काढून? गोळी कुठली घालणार?"

त्यांनी खरोखर विचार केला. "तसा डेटा अजून नाही आपल्याकडे," ते म्हणाले.

पुन्हा वाजलं. मी उठले, केस बांधले.

"तू नको जाऊस," ते म्हणाले.

"मग तुम्ही जाता?"

त्यांनी पेपराची घडी घातली. मिक्सर असो, गादी असो, जावई असो, मला जमणार नाही असं ते आजवर कुणाला म्हणाले नव्हते. "मला नाही जमणार गं," ते म्हणाले.

"बरं. माझ्यामागून या."

मी जिना उतरायला लागले. त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गच्च धरला. डोळे मिटले असावेत, कारण पाऊल चाचपडत पडत होतं. निम्मा जिना उतरले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटतेय ती खाली कोण आहे याची नाही, हे पायरी चुकतील याची.

"सावकाश," मी म्हटलं. "अजून पाच आहेत."